डेस्कटॉप चालू होतो, पंखे फिरतात, पण पुढे काहीच नाही (मदत हवी, घाई आहे)

घाटपायथा | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, घरचा डेस्कटॉप आज सकाळपासून मेलाय. पूर्ण मेला असता तर बरं, हा अर्धवट मेलाय. बटण दाबलं की समोरची हिरवी लाईट लागते, मागचा पंखा फिरतो, प्रोसेसरवरचा फिरतो, हार्डडिस्कची घरघर पण येते आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून झोपी जातो. बीप नाही, लोगो नाही, काही नाही.

मशीन २०१२ साली असेंबल करून घेतलेलं. आय३ सेकंड जनरेशन, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर३ च्या ४-४ जीबीच्या २ रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज ७. ग्राफिक कार्ड वेगळं नाही.

"टाकून दे आणि नवीन घे" म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, बाबा (वय ७८) आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत करतायत गेली सहा वर्षं. साडेतीनशे पानं, सगळी पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, ते फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (किल्लीसारखं लावायचं यंत्र) लावल्याशिवाय उघडत नाही आणि विंडोज ७ च्या पुढे चालतं की नाही माहीत नाही. बॅकअप विचारू नका. बॅकअप म्हणजे एक पेनड्राईव्ह, त्यात मागच्या दिवाळीपर्यंतचं आहे. बाबा सकाळपासून न बोलता झोपाळ्यावर बसलेत.

गाव देवरुखजवळ, पाऊस कसा आहे ते सांगायला नको.

---

आगाऊ | मंगळवार, रात्री ९:५२

रॅम. डोळे मिटून सांगतो रॅम. कोकणात पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर धरतो. दोन्ही काढ, पेन्सिलचं पांढरं खोडरबर घे, पट्ट्या हलक्या हाताने घास, चुरा झटक, परत बसव. बसवताना दोन्ही बाजूचे कान 'खट्' वाजले पाहिजेत. ९० टक्के केसेस इथेच संपतात.

---

खारीबिस्कीट | मंगळवार, रात्री १०:०५

आगाऊ, ९० टक्के कुठून आणलेस रे? :)

घाटपायथा दादा, मी ऑफिसात हेल्पडेस्कला आहे म्हणून सवयीने विचारते, राग मानू नका. मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का? मॉनिटर दुसऱ्या कशाला लावून बघितलात का? आणि मशीन चालू असताना कीबोर्डचं नमलॉक दाबा. त्याची लाईट लागते-विझते का बघा. लाईट ऐकत असेल तर आत कॉम्प्युटर जागा आहे, फक्त चित्र येत नाहीये. ऐकत नसेल तर तो अजून जागाच झालेला नाही. या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

आणि प्लीज, एका वेळी एकच गोष्ट बदला.

---

घाटपायथा | मंगळवार, रात्री १०:३१

ताई, मॉनिटर भाच्याच्या लॅपटॉपला लावला, छान चालतो. नमलॉक ढिम्म, लाईट लागतच नाही.

आता खोडरबर शोधतो. घरात दहावीनंतर कोणी पेन्सिल धरलेली नाही.

---

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, रात्री १०:४०

भाऊ, आमच्याकडे अमरावतीत उन्हाळ्यात धूळ अन् पावसाळ्यात मुंग्या. मागच्या साली माह्या कॅबिनेटात मुंग्यायनं अख्खं वारूळ केलं होतं, अंडे-बिंडे सगळं. एकदा झाकण उघडून टॉर्च मारून पाय तं खरं. बोर्डावरचे ते गोल नळकांडे, कपॅसिटर म्हणतेत, त्याईचं डोकं सपाट पाहिजे. पुरीसारखं फुगलं असन किंवा तपकिरी चिकट काही गळलं असन तं समजून जा.

---

घाटपायथा | मंगळवार, रात्री ११:५८

लागला!!! आगाऊ, तुझ्या तोंडात साखर पड.

खोडरबर नव्हतं, शेजारच्या पिंकीच्या कंपासमधून आणलं. दोन्ही रॅम घासल्या. पहिल्यांदा नाही लागला. स्लॉट बदलले, नाही लागला. एक-एक करून लावली, असं साधारण पंधरा-वीस वेळा चालू-बंद केल्यावर एकदम लोगो आला आणि विंडोज उघडलं. बाबांना झोपेतून उठवलं, त्यांनी फाईल उघडून बघितली, मग चहा झाला रात्री साडेअकराला.

ठेचा भाऊ, टॉर्च मारली. बोर्डावरचे कपॅसिटर सपाट आहेत, मुंग्या नाहीत, पण धूळ इतकी की पावटे पेरले तर उगवतील.

सगळ्यांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

---

आगाऊ | बुधवार, रात्री १२:०३

बोललो होतो. _/\_

---

मुक्काम एडिसन | बुधवार, पहाटे ३:१५

उशिरा आलो, आमच्याकडे अमेरिकेत आत्ता संध्याकाळ. लागला हे उत्तम, पण फाईल आत्ताच्या आत्ता कॉपी केलीत ना? की चहाच झाला?

---

घाटपायथा | बुधवार, सकाळी ८:२०

चहाच झाला.

आणि सकाळी परत तेच. पंखे फिरतायत, नो सिग्नल. रॅम परत घासली. काही नाही. बाबा परत झोपाळ्यावर.

---

आगाऊ | बुधवार, सकाळी ८:४१

मग सीमॉस सेल. बोर्डावर तो गोल चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. पॉवर केबल काढ, सेल काढ, पाच मिनिटं थांब, परत लाव. बायोस (चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) रिसेट होईल.

---

खारीबिस्कीट | बुधवार, सकाळी ८:४४

थांबा, थांबा!! सेल काढण्याआधी

---

घाटपायथा | बुधवार, सकाळी ८:५८

काढला. घातला. काही फरक नाही.

ताई, तुम्ही काय सांगणार होतात?

---

खारीबिस्कीट | बुधवार, सकाळी ९:०२

काही नाही आता. लोकलमध्ये होते, अर्धाच मेसेज गेला. सेल काढला की बायोसची सगळी सेटिंगं फॅक्टरीची होतात, म्हणून आधी जमलं तर फोटो काढून ठेवा म्हणणार होते. अर्थात डिस्प्लेच नव्हता तर फोटो कशाचा काढणार. असो. एवढं लक्षात ठेवा की आपण सेल काढला होता, पुढे लागेल.

---

सोल्डरबाबा | बुधवार, सकाळी १०:१५

कालपासून वाचतोय, आता राहवत नाही. चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही, मग कॉम्प्युटर दुरुस्त केले, आता पुण्यात घरी बसून नातवंडांची खेळणी दुरुस्त करतो.

देवरुखकर, मला तीन गोष्टी सांगा. आठवून नीट सांगा, अंदाजे नको.

कालच्या आधी, गेल्या महिना-दोन महिन्यांत, मशीन चालू करताना कधी दोन-तीनदा बटण दाबावं लागायचं का?

रात्री काम झाल्यावर भिंतीवरचं बटण बंद करता का?

आणि काल रात्री लागला तो शेवटी नेमकं काय केल्यावर, की नुसता पुन्हा पुन्हा चालू-बंद करत होता तेव्हा लागला?

---

घाटपायथा | बुधवार, सकाळी १०:४७

काका, बाबांना विचारलं. ते म्हणाले, "हो, मे महिन्यापासून सकाळी दोनदा दाबायला लागायचं, जूनमध्ये चार-पाचदा, मला वाटलं बटण खराब झालंय." मला हे आज कळतंय!! सहा वर्षं एकत्र जेवतोय आम्ही.

भिंतीवरचं बटण रोज रात्री बंद. विजा कडाडतात म्हणून बाबा प्लगसुद्धा उपटून ठेवतात.

तिसऱ्याचं उत्तर, खरं सांगायचं तर नक्की माहीत नाही. शेवटच्या वेळी रॅमला हात लावला नव्हता, फक्त बटण दाबलं होतं.

---

सोल्डरबाबा | बुधवार, सकाळी ११:२०

मग रॅम विसरा. एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा) गेलाय. जायला लागलाय म्हणू.

कारण सांगतो. एसएमपीएसच्या आत पण ते नळकांड्यासारखे कपॅसिटर असतात, आत द्रव असतो. दहा-बारा वर्षांत तो आटत जातो. आटलेला कपॅसिटर थंड असताना अगदीच मठ्ठ असतो, थोडा गरम झाला की जरा बरा वागतो. म्हणून सकाळचं दुखणं, म्हणून पाच-दहा वेळा चालू-बंद केल्यावर लागणं. तुम्ही रॅम घासत नव्हतात, तुम्ही एसएमपीएस शेकत होतात. रात्रभर भिंतीचं बटण बंद, म्हणजे स्टँडबायची जी थोडी ऊब राहते ती पण नाही. म्हणून सकाळी पहिल्यापासून सुरुवात.

आता तुम्ही म्हणाल, पंखे फिरतात मग पॉवर आहेच की. पंखा १२ व्होल्टचा असतो, तो ९ व्होल्टवर पण फिरतो, त्याला काय. एसएमपीएसमधून बोर्डाला एक करड्या रंगाची वायर जाते, तिला पॉवर गुड म्हणतात. सगळे व्होल्टेज ठीक झाले की तिच्यावर साधारण ५ व्होल्ट येतात, तोपर्यंत बोर्ड प्रोसेसरला उठूच देत नाही. तुमच्याकडे पंखे फिरतायत आणि प्रोसेसर झोपलाय. नमलॉक लागत नाही ते याच्यामुळे.

---

आगाऊ | बुधवार, सकाळी ११:३१

काका आदर आहे, पण बोर्ड किंवा प्रोसेसर गेला तरी अशीच लक्षणं असतात ना? नमलॉक तेव्हा पण लागत नाही.

---

सोल्डरबाबा | बुधवार, सकाळी ११:५०

बरोबर बोललास, म्हणून तपासायचं. गेलेला बोर्ड सहसा संध्याकाळी बरा होत नाही, हे माझं म्हणणं. पण म्हणणं वेगळं आणि मीटर वेगळा.

---

खारीबिस्कीट | बुधवार, दुपारी १२:१०

मीटरच्या आधी एक फुकट टेस्ट. बोर्डाला छोटा स्पीकर (बझर) लावलेला आहे का? दादा म्हणाले बीप नाही, पण बझरच नसेल तर बीप कुठून येणार. दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतो, जुन्या कॅबिनेटमध्ये पण असतो. तो लावा, दोन्ही रॅम पूर्ण काढा आणि चालू करा. बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत असतील तर रॅम नाही म्हणून ओरडायला पाहिजे. रॅम नसताना पण शांत राहिला तर दोष रॅमचा असूच शकत नाही.

ही टेस्ट एकदा थंड असताना करा आणि एकदा पंधरा-वीस वेळा चालू-बंद केल्यावर. दोन्ही लिहून ठेवा.

---

मुक्काम एडिसन | बुधवार, दुपारी ४:३०

वा, ही टेस्ट आवडली.

अवांतर: एसएमपीएसवरून आठवलं. जुन्या एसएमपीएसना मागे एक लाल रंगाचं छोटं बटण असायचं, इथल्या ११५ व्होल्टसाठी आणि तिकडच्या २३० साठी. मी इथून २००४ मध्ये भावासाठी डेस्कटॉप बोटीने पाठवला, त्याला दहा वेळा सांगितलं की लावायच्या आधी बटण २३० वर सरकव. त्याने पाठीमागे बघितलंच नाही. सातारला अख्ख्या वाड्यात आवाज गेला, आजी म्हणाली टायर फुटला.

---

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, दुपारी ४:४५

हे हे. टायर!

---

घाटपायथा | गुरुवार, सकाळी ९:३५

अपडेट देतो, लांब आहे, सांभाळून घ्या.

काल दुपारी मशीन तालुक्याच्या एका दुकानात नेलं. तिथल्या मुलाने एसएमपीएस काढला, मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि काळी वायर क्लिपने जोडली, एसएमपीएसचा पंखा फिरला, "एसएमपीएस ओके आहे काका, बोर्ड गेलाय." बोर्ड जुना मिळेल, साडेतीन हजार, गॅरंटी नाही, नाहीतर नवीन बोर्ड-प्रोसेसर-रॅम मिळून पंधराच्या पुढे. मी म्हटलं घरी विचारून सांगतो. (हे वाक्य नवऱ्यांनी दुकानात वापरायचं राष्ट्रीय वाक्य आहे.)

त्याच्याकडून बझर मात्र घेतला, वीस रुपये. आज सकाळी सात वाजता खारीबिस्कीट ताईंची टेस्ट केली. दोन्ही रॅम बाहेर, थंड मशीन: शांतता. आठवी, नववी वेळ: शांतता. मी मोजत होतो, सतराव्या वेळेला असा काही बोंबलला की मांजर माळ्यावर पळालं. लांब लांब बीप, थांबून थांबून. बंद केलं, रॅम लावली, लगेच चालू केलं, लोगो आला!

म्हणजे बोर्ड जिवंत, रॅम निर्दोष. आगाऊ, माफ कर.

---

आगाऊ | गुरुवार, सकाळी ९:४०

मान्य. ९० टक्के मागे घेतो.

---

सोल्डरबाबा | गुरुवार, सकाळी १०:०५

त्या क्लिपच्या टेस्टबद्दल बोललंच पाहिजे. हिरवी-काळी जोडली की एसएमपीएस चालू होतो, एवढंच कळतं. त्याच्यावर वजन काय, फक्त स्वतःचा पंखा. रिकामी बैलगाडी चालली म्हणून ऊस ओढेल का? लोड लावून मोजायचं असतं. मुलाचा दोष नाही, दिवसाला वीस मशिनं येतात, त्याला तेवढाच वेळ.

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा. सगळं जोडलेलं असताना, मशीन चालू करून, हार्डडिस्कच्या जुन्या चार पिनच्या मोकळ्या कनेक्टरमध्ये काळी तार काळ्यात, लाल तार पिवळ्यात. १२ च्या आसपास पाहिजे, ११.४ च्या खाली गेलं की नापास. मग मीटरची लाल तार कनेक्टरच्या लाल वायरमध्ये, तिथे ५ पाहिजे, पावणेपाच ते सव्वापाच चालतं. मग बोर्डाच्या मोठ्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने करडी वायर मोजा. टोक घसरून दोन पिना एकत्र टेकवू नका, हात थरथरत असेल तर दुसऱ्याला मोजू द्या.

आणि हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात डीसी असतो, प्लग काढल्यावर पण काही वेळ राहतो.

---

घाटपायथा | गुरुवार, दुपारी १:१५

मीटर आणला. मधल्या वेळात लाईट गेली, मशीन परत थंड. आकडे असे:

थंड, नो सिग्नल असताना: पिवळी १०.७, लाल ४.६, करडी ०.१.
वीस-बावीस वेळा चालू-बंद केल्यावर, लोगो आला तेव्हा: पिवळी ११.५, लाल ४.९, करडी ४.८.

हे बघून अंगावर काटा आला खरं सांगतो. काका तुम्ही पुण्यात बसून कसं ओळखलंत.

---

सोल्डरबाबा | गुरुवार, दुपारी १:३०

मी नाही ओळखलं, तुमच्या बाबांनी ओळखलं. बटणाला दोष दिला एवढंच.

आता तो एसएमपीएस वापरू नका. लोगो येतो म्हणून त्याच्यावर विंडोज चालवू नका. पॉवर अशी डगमगत असताना डिस्क लिहीत असली तर फाईल अर्धी लिहिली जाईल. नवीन घेताना डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय ते वाचू नका, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टला किती अँपिअर ते वाचा. १४ अँपिअर असेल तर १२ ला गुणा, १६८ वॅट, बाकीचं सगळं स्टिकर. तुमच्या मशिनला तसं फार लागत नाही, त्या प्रोसेसरचं रेटिंगच ६५ वॅट आहे. हातात घेऊन वजन बघा, सहाशे रुपयेवाला पोह्याच्या डब्यासारखा हलका लागतो. दोन-सव्वादोन हजारांत चांगल्या कंपनीचा येतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोणी ओळखीचं असेल तर एसटी पार्सलने मागवा.

---

खारीबिस्कीट | गुरुवार, दुपारी १:४२

नवीन बसवताना मोठा २४ पिनचा कनेक्टर तर लावालच, पण प्रोसेसरच्या शेजारी एक वेगळा चौकोनी ४ पिनचा असतो तो विसरू नका. तो राहिला की परत पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, आणि तुम्ही इथे येऊन आम्हाला शिव्या द्याल.

---

घाटपायथा | शनिवार, दुपारी १२:५०

चुलतभाऊ मुंबईहून येत होता, लॅमिंग्टन रोडवरून एसएमपीएस घेऊन आला. २१५०. चार पिनचा लावला, ताई! पहिल्या झटक्यात एक छोटी बीप, लोगो. पिवळी १२.१.

पण... विंडोजचं चिन्ह येतं, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. गोल गोल. चुलतभाऊ म्हणतो विंडोज उडालं, फॉरमॅट मारू. बाबांनी 'फॉरमॅट' शब्द ऐकला आणि परत झोपाळ्यावर. गुरुवारी पण लोगो आला होता पण मी तिथेच बंद केलं होतं, पुढे जाऊ दिलं नव्हतं.

---

खारीबिस्कीट | शनिवार, दुपारी १२:५५

कोणीही फॉरमॅट मारायचं नाही!!! भावाला चहा द्या आणि बाहेर बसवा.

मी म्हटलं होतं ना, सेल काढलाय ते लक्षात ठेवा. मंगळवारी रात्री सेल काढायच्या आधी विंडोज उघडलं होतं. म्हणजे विंडोज उडालेलं नाही.

चालू होताना एफ८ दाबत राहा, यादी येईल, त्यात 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट' निवडा. निळा पडदा थांबेल. खाली 'स्टॉप' लिहून एक लांब आकडा असतो, त्याची शेवटची दोन अक्षरं सांगा.

---

घाटपायथा | शनिवार, दुपारी १:०८

शेवटी ७बी.

---

खारीबिस्कीट | शनिवार, दुपारी १:१२

यस्स!

७बी म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. डिस्क आहे, पण तिच्याशी बोलायची पद्धत बदललीय. बायोसमध्ये जा (डिलीट बटण, काही बोर्डांना एफ२), साटा मोड शोधा. तिथे आयडीई किंवा एएचसीआय असं असेल. २०१२ ला ज्याने विंडोज टाकलं त्याने एक निवडलं होतं, सेल काढल्यावर बोर्डाने त्याचं मूळचं धरलं. आत्ता जे आहे त्याच्या उलट करा, सेव्ह करून बाहेर या. आणि तिथेच तारीख-वेळ पण नीट लावा, नाहीतर विंडोज उघडल्यावर एकही वेबसाईट धड उघडणार नाही. सेल पण नवीन टाका, तीस-चाळीस रुपयांचा आहे.

---

घाटपायथा | शनिवार, दुपारी १:२६

एएचसीआय होतं, आयडीई केलं. उघडलं!!!!

तारीख १ जानेवारी २०११ दाखवत होता, म्हणजे आमचं मशीन घ्यायच्या आधीची.

बाबा खुर्चीत येऊन बसलेत. शेजारी पेनड्राईव्ह लावलाय, एक भाच्याची पोर्टेबल डिस्क पण लावलीय, दोन्हीकडे कॉपी चाललंय. चहा कॉपी झाल्यावर, एडिसनकर!

---

मुक्काम एडिसन | शनिवार, संध्याकाळी ५:००

शाब्बास. आता एक प्रत मुंबईला चुलतभावाकडे पण जाऊ दे, घराबाहेर एक हवीच. आणि पेजमेकर असताना प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ पण काढून ठेवा, उद्या तो फॉन्ट, ते डोंगल, काहीही गेलं तरी वाचता येईल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली आहे, तिचा भरवसा किती धरणार. युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करा, जोडाक्षरं आणि रफार तपासायला एक माणूस लागतो, ते मशिनवर सोडू नका. कुलवृत्तांतात 'कर्वे'चं 'कवे' झालं तर मंडळी घरी येतील.

---

वऱ्हाडी ठेचा | शनिवार, संध्याकाळी ५:२०

वाखु (वाचनखूण) साठवली. अन् जुना एसएमपीएस फेकू नका हो, त्या पुण्याच्या काकायले पाठवा, खेळण्यासाठी.

---

सोल्डरबाबा | शनिवार, संध्याकाळी ६:१०

पाठवा की, पोस्टाचा खर्च मी देतो.

एक राहिलं. देवरुखकर, कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा बरं. लागतो का?

---

घाटपायथा | शनिवार, संध्याकाळी ६:२५

लागतो! मंद लागतो. बाबा म्हणतात कायमच मुंग्या येतात हाताला, "कॉम्प्युटरला थोडा करंट असतोच."

---

सोल्डरबाबा | शनिवार, संध्याकाळी ६:४०

असतोच म्हणे! एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे एक-एक छोटा कपॅसिटर असतो, गोंगाट जमिनीत सोडायला. अर्थिंग असेल तर ते जमिनीत जातं. नसेल तर पत्र्यावर अर्धं व्होल्टेज उभं राहतं, शंभर-सव्वाशे. करंट अगदी थोडा म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण विजेच्या दिवसात अर्थिंग नसलेलं मशीन म्हणजे उघडं दार, नवीन एसएमपीएस पण त्याच वाटेने जायचा.

प्लगला तीन पिना असून उपयोग नाही, मागे तीन वायरी आहेत का ते बघा. मध्ये एक्स्टेंशन बोर्ड असेल तर त्याची वायर पण बघा, बऱ्याच स्वस्त बोर्डांत दोनच तारा असतात आणि तिसरं भोक शोभेला. वायरमनला बोलवा.

---

घाटपायथा | रविवार, सकाळी ११:१०

वायरमन आलेत. एक्स्टेंशनमध्ये दोनच तारा निघाल्या, ते बाद केलं. भिंतीतला सॉकेट उघडलाय, तर अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटपर्यंत आलीय, टोक सोलून ठेवलंय, टेप गुंडाळलीय आणि पिनला जोडलेलीच नाही. १९९८ ला घर बांधलं तेव्हापासून. वायरमन हसतायत, कारण हे वायरिंग त्यांच्याच वडिलांनी केलं होतं.

ते आता बाकीच्या खोल्यांचे सॉकेट उघडत सुटलेत. बाबा त्यांना घराण्याची सातवी पिढी समजावून सांगतायत.

---

आगाऊ | रविवार, सकाळी ११:१४

बाकीच्या खोल्यांत पण टेप निघाली का ते सांग.

---

घाटपायथा | रविवार, दुपारी १२:०२

तीन निघाल्या. फ्रिजची पण.